मुराळ्याची लाल गाडी

कळसाडी,
९ फेब्रुवारी २०२५

ताई,

उभ्याउभ्याच लिहितोय, कागद बॉनेटवर ठेवून. बॉनेट माझ्या गाडीचं आहे. काल घरी आणली.

फोन का नाही केला म्हणशील. फोनवर आप्पा शेजारी असले की मी तुला नुसती थंडी किती पडली ते सांगतो, असं तूच म्हणाली होतीस. आणि तुमच्या तोरणमाळचा टॉवर तर मनाचा राजा. म्हणून हे पत्र शहाद्याच्या स्टँडवर तोरणमाळच्या बसच्या कंडक्टरकडे देतोय. तूही तसंच पाठव, माझं ठिबकचं दुकान स्टँडसमोरच आहे, तो आणून टाकेल.

गाडी लाल आहे. आपला ट्रॅक्टरही लालच म्हणशील, पण हा लाल उन्हात बघवत नाही असा आहे. दोन लिटरचं टर्बो इंजिन, नुसता पाय ठेवला की पाठ सीटला चिकटते. माझ्या वर्गातला रिषभ आठवतो? प्रेमचंद शेठचा, कापसाच्या पेढीवाला. त्याची ही, आठ वर्षं वापरलेली. आता बायको म्हणते मुलं मागे मावत नाहीत, म्हणून काढली. साध्या नव्या गाडीच्या भावात मिळाली. त्याने लपवाछपवी काही केली नाही. म्हणाला, ‘भूपेश, गाडीची किंमत उतरली तरी तिच्या पार्टची उतरत नाही, ते अजून नव्या गाडीच्याच भावाने मिळतात. आणि हिला तेल लागतं, रोज बघत जा.’ मी ऐकलं आणि चावी घेतली. चावी हातात असताना कोण ऐकतं?

काल प्रकाशा गावच्या तापीवरच्या पुलापर्यंत जाऊन आलो. घरी आल्यावर पाच मिनिटांत पुन्हा जाऊन आलो. रात्री झोप नाही, सारखं उठून खिडकीतून बघतोय.

आप्पांनी तिला एक फेरी मारली, वाकून खाली बघितलं आणि म्हणाले, “इन्हं पोट भुईले टेकस.” बस, एवढंच. मग गेले केळीत.

आता मुद्द्याचं. येत्या अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, मी तुला न्यायला येणार. तुझ्या लग्नाला तीन आखाज्या झाल्या आणि आपल्या घरातून तुला आणायला भाऊ मुराळी म्हणून निघाला नाही. गावातल्या सगळ्या लेकी माहेरी येऊन झोके घेतात आणि माय दारात बसून निवडलेले गहू पुन्हा निवडते. तू जातीबाहेर, पावऱ्यांच्या घरात, स्वतः ठरवून लग्न केलंस हे आप्पांच्या गळ्याखाली अजून उतरत नाही, मला माहीत आहे. त्यांच्याकडे घरची जीप मागितली तर देणार नाहीत. पण आता गाडी माझी आहे. घाट चढून थेट तुझ्या आश्रमशाळेच्या फाटकात हॉर्न देतो की नाही बघ.

तुझा,
भूपेश


तोरणमाळ,
१७ फेब्रुवारी

भूप्या,

पत्र मिळालं. बॉनेटवर लिहिलंस ते अक्षरावरून कळलंच. सातवीच्या पोरांना दाखवलं असतं तर म्हणाले असते, मॅडम, हे कोणी धावताना लिहिलंय.

गाडीचं अभिनंदन. आता ऐकून घे. मुराळी म्हणजे ड्रायव्हर नाही. मुराळ्याला घर पाठवतं. बापाने सांगितलेलं असतं, मायने शिदोरी बांधून दिलेली असते, म्हणून तो दारात आला की सासरचे पाट मांडतात. आप्पांना न विचारता तू मला गाडीत घालून नेलंस तर ते पळवून नेणं झालं, आणि पळून जायचं माझं एकदा करून झालंय.

दुसरं. माझ्या एकटीसाठी आलेलं बोलावणं मला नको. रतिलालला बाहेर ठेवून मी त्या घरात आमरस खाणार नाही. तो याच शाळेत विज्ञान शिकवतो, माझ्याइतकाच पगार घेतो, माझ्यापेक्षा चांगला स्वयंपाक करतो आणि आप्पांबद्दल कधी वाकडा शब्द बोलत नाही. त्यामुळे मलाच जास्त राग येतो.

तेव्हा आप्पांनी ‘दोघांना आण’ म्हटलं तर ये. नाही म्हटलं तर येऊ नकोस. मला आखाजीचं तसं काही वाटत नाही आता. इथे शाळेचं काम असतं, सुट्टीआधीच्या परीक्षा असतात. कालीबाई शेजारीण आहे, तिच्या अंगणात चारोळी वाळवायला बसतो, दिवस जातो.

गाडीला महिन्याला काय लागतं ते लिही. मी गणिताची बाई आहे, मला नुसतं ‘पाठ सीटला चिकटते’ हे पुरत नाही.

ताई


शहादा, दुकानातून
१८ मार्च

ताई,

उशीर झाला, पण मी एका जागी होतोच कुठे? निम्मा महिना गॅरेजमध्ये.

हिशेब मागितलास ना, घे. पहिल्याच आठवड्यात टायर फुटला. आपल्या वाटेवर उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या आणि हिचे टायर पातळ, कडेला रबर बोटभर. एक टायर शहाद्यात मिळत नाही, धुळ्याहून मागवला. मग एके सकाळी गाडी तीन पायांवर चालल्यासारखी थरथरायला लागली, तर एका सिलिंडरची कॉइल गेलेली. हेमराज मेकॅनिक म्हणाला, एक गेली म्हणजे बाकीच्या रांगेत उभ्या आहेत, चारही बदल. बदलल्या. त्यानंतर पाण्याचा पंप. तो चक्क प्लास्टिकचा! कूलंट गळून गळून इंजिन तापायचं. तो बदलायला अर्धी गाडी उघडावी लागते, म्हणजे पंपापेक्षा मजुरी जास्त. पेट्रोल साधं चालत नाही, महागडंच लागतं, ते आपल्या पंपावर कधी असतं कधी नसतं. कारखान्याच्या फाटकासमोरच्या स्पीडब्रेकरवर तर मी तिरकी घालून, श्वास रोखून काढतो. मागचे ट्रॉलीवाले हसतात.

गिअरबॉक्सचं वेगळंच. ऑटोमॅटिक आहे, आत दोन क्लच, पहिल्यातून दुसऱ्यात जाताना नवा बैल जुवाला अडतो तशी अडते आणि मग झटका मारते. हेमराजने त्याला हात लावायला नकार दिला. म्हणाला, सुरतेला दाखव आणि जाण्याआधी देवाला नमस्कार कर. दुकानाचा या महिन्याचा नफा सगळा हिच्यात गेला, ताई. आकडा लिहीत नाही, तू फाडून टाकशील पत्र.

पण एक गोष्ट चांगली झाली. सगळ्यात मोठं दुखणं तेलाचं होतं. हे इंजिन पेट्रोलबरोबर ऑईलही जाळतं. रोज सकाळी तेल मोजायची कांडी काढून बघायची, खालच्या खुणेला आलं की त्या खास पातळ ऑईलचा डबा ओतायचा. पहिल्या तीन आठवड्यांत दोन डबे संपले. मग हेमराजने काहीतरी औषध टाकून दिलं. आणि काय सांगू, गेले पंधरा-सोळा दिवस एक थेंब घातला नाही! रोज सकाळी बघतो, तेल बरोबर वरच्या खुणेवर, ना केसभर वर ना केसभर खाली. जादूच म्हण.

आप्पांचं विचारलंस. तुझं नाव काढायची हिंमत झाली नाही. गाडीवरून मात्र टोमणा मारला. परवा मी हात धूत होतो, तर मागून म्हणाले, “तुन्ही हाई लाल गाडी घाट चढी का रे?” मी चिडून म्हटलं, तुमच्या ट्रॅक्टरपेक्षा आधी चढेल. ते तसेच निघून गेले. बघ, एवढं खर्चून त्यांच्या लेखी खेळणंच.

मला काही सुचत नाही. गाडीत बसलो की वाटतं कुठूनतरी आवाज येतोय. उतरलो की वाटतं पुन्हा बसावं. माय म्हणते तुझ्या पायाला भिंगरी लागलीय.

आखाजीला दीड महिना आहे. मी येणार.

भूपेश


तोरणमाळ,
२६ मार्च

भूपेश,

तुझं पत्र रतिलालने मोठ्याने वाचलं. प्लास्टिकच्या पंपाशी आम्ही हसलो आणि नफ्याशी गप्प झालो. अरे, विकून टाक ना. की एवढी माया बसलीय?

घाट सोपा नाही. वळणं अशी आहेत की बसचा ड्रायव्हरही दोनदा मागे-पुढे करतो. तुझी गाडी तापते, अडते, झटके मारते. मला तिच्यात बसून दरीकडे बघत देवाचं नाव घ्यायचं नाही.

आणि तू गाडीचं दीड पान लिहितोस, आप्पांचं चार ओळी. मी विचारलं होतं ते तसंच राहिलं. आप्पांशी बोल. हो की नाही, एक काय ते ऐकून कळव. नाही म्हणाले तरी चालेल, पण मला ते तुझ्याकडून नको, त्यांच्या तोंडचं हवं. हे मधल्यामध्ये लटकणं फार झालं. शाळेच्या फाटकापाशी एखादी गाडी थांबली की मी उगाच खिडकीशी जाते, आणि परत येऊन फळ्यावर काय लिहीत होते ते विसरते.

ताई


कळसाडी,
१४ एप्रिल

ताई,

गाडी मेली.

गुरुवारी प्रकाशाच्या पुढे तेलाचा लाल दिवा लागला, शिट्टीसारखा आवाज आला, मग ताकद गेली आणि मागे निळ्या धुराचा लोट. ट्रकला बांधून हेमराजकडे आणली. त्याने खालचं झाकण उघडलं. भजी तळून तळून राहिलेल्या तेलासारखा काळा चिकट गाळ बाहेर आला. जाळी बुजलेली, वर तेल चढलंच नव्हतं, टर्बो जाम. हेमराजने ते बोटावर घेऊन चोळलं, वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. “भाऊ, हाई ते ट्रॅक्टरनं तेल शे. कोनी वतं?”

ट्रॅक्टरचं जाड ऑईल, ताई. या इंजिनाला ते विष आहे. टर्बोच्या आगीत ते जळून त्याची खरवड होते आणि नळ्या बंद पडतात. औषधबिषध काही नव्हतं. माझ्या नकळत कोणीतरी रोज ओतत होतं म्हणून ते कमी होत नव्हतं, आणि मी येडा त्याला जादू म्हणत होतो!

ऑईलचा ड्रम आपल्या खळ्यातल्या खोलीत, खोलीची किल्ली आप्पांच्या करदोट्याला. मी घरी येऊन सरळ विचारलं. आप्पा जेवत होते. म्हणाले, “हां, मी वतं.” आणि भाकरी मोडून पुढे जेवायला लागले. ना खेद, ना खुलासा. माय मध्ये पडली तर तिच्यावरही खेकसलो. मग मायच म्हणाली, गेला महिना-दीड महिना ते पहाटे उठून अंगणात काहीतरी खुडबुड करायचे.

आता तूच सांग. त्यांना ठाऊक होतं मी तुला आणायला निघणार आहे. मायला मी बोललो होतो, तिच्या पोटात काही राहत नाही. तोंडाने नाही म्हणायचं नव्हतं, मग गाडीच मारली. टर्बो नवा घालायचा तर त्या पैशात दुसरी चालती गाडी येते. पण पैशाचं जाऊ दे. मला हे लागलं की त्यांनी माझ्या पाठीमागे केलं. मुलीला घरात येऊ द्यायचं नाही म्हणून पोराच्या गाडीत विष कालवणारा बाप, असं कुठे ऐकलंयस?

मी त्यांच्याशी बोलत नाही. चिमूटभर मीठ मागायचं असलं तरी मायला सांगतो. सुरतेला रिषभच्या मेव्हण्याचं दुकान आहे, तो ये म्हणतोय. आखाजी झाली की जातो. हे घर, ही केळी, हा ट्रॅक्टर, त्यांचं त्यांना लखलाभ. तुझ्याकडे येऊ शकलो नाही, त्याची लाज वाटते.

भूपेश


तोरणमाळ,
१८ एप्रिल

भूपेश,

हे पत्र बसून वाच. गॅरेजमध्ये नको, बॉनेटवर नको.

तुझी जुनी पत्रं काढून पुन्हा वाचली. तू स्वतः लिहिलंयस, तेल रोज बरोबर वरच्या खुणेवर, ना केसभर वर ना केसभर खाली. अरे, इंजिन मारायला निघालेला माणूस मापात ओततो का? त्याने मूठभर रेती टाकली असती, नाहीतर नट ढिला करून तेल सोडून दिलं असतं, एका दिवसात काम झालं असतं. आप्पा दीड महिना तुझ्याआधी उठत होते. कांडी काढायची, धोतराच्या सोग्याला पुसायची, पुन्हा घालून बघायची, मग घोट-घोट ओतायचं. ट्रॅक्टरचं ते असंच करायचे, लहानपणी नरसाळं मी धरायचे. त्यांच्या लेखी इंजिन म्हणजे इंजिन, गुराला पाणी दाखवतात तसं सकाळी त्याला तेल दाखवायचं. पातळ न् जाड त्यांना कोण सांगणार होतं? तू? तू त्यांच्याशी गाडीबद्दल एक शब्द धड बोललास का?

आणि तो टोमणा. ‘गाडी घाट चढी का?’ आप्पा टोमणे मारत नाहीत, भूप्या. त्यांना टोमणे येत नाहीत, त्यांना नुसतं गप्प बसता येतं. त्यांनी विचारलं, कारण त्यांना उत्तर हवं होतं. कळसाडीहून चढायचा घाट एकच, आणि त्या घाटावर त्यांचं दुसरं कोण राहतं?

त्यांच्याच्याने ‘जा, तिला आण’ म्हणवलं नाही. म्हणून ते गाडीला पाजत राहिले. तू म्हणतोस त्यांनी मुराळी अडवला. माझ्या हिशेबाने त्यांनी मुराळी काढला होता, गाडी वाटेत बसली एवढंच.

मी चुकत असेन. मला तसं वाटावंसं वाटतंय म्हणून वाटत असेल. तेव्हा तू त्यांना एकच विचार: कशासाठी ओतत होता? आरडाओरडा न करता विचार, आणि उत्तर येईपर्यंत तिथून हलू नकोस. तुला हे जड जाईल, पण तेवढं उभं राहा. मग सुरतेला जायचं तर जा. या रागात गेलास तर तूही माझ्यासारखा कुठल्यातरी खिडकीशी जात राहशील.

आणि मला आखाजीचं काही वाटत नाही असं लिहिलं होतं ते खोटं होतं. तिन्ही वर्षं मी पिशवी भरली. दोघांचे कपडे. आखाजी उलटून गेली की पुन्हा कपाटात लावले. यंदा भरलेली नाही, भरवत नाही.

एकटीचं बोलावणं नको, हे मात्र अजूनही तसंच आहे.

ताई


कळसाडी,
२५ एप्रिल

ताई,

विचारलं.

दोन दिवस धीर झाला नाही. काल संध्याकाळी ते केळीत पाण्याची पाळी बदलत होते, तिथे गेलो. म्हटलं, आप्पा, कशासाठी ओतत होता? ते फावडं मारत राहिले. मी हललो नाही. तू लिहिलं नसतंस तर दहा वेळा निघून आलो असतो, पाय नुसते शिवशिवत होते. शेवटी पाठमोरेच म्हणाले, “गाडी पेवाले मांगी ऱ्हायनी व्हती. घाटमा बंद पडती, ते पोर वाट देखत बसती.”

मी त्यांच्या हातातलं फावडं घेतलं आणि उरलेले वाफे मी फोडले. ते बांधावर बसून राहिले. अंधार पडल्यावर आम्ही दोघं सोबत घरी आलो.

गाडी हेमराजकडे उघडी पडलीय. विकावी की बसवावी ठरत नाही. सुरतेचंही अजून ठरत नाही. रोज सकाळी जाग येते, अंगणात जातो, आणि कांडी बघायला गाडीच नसते.

आज जेवण झाल्यावर आप्पा म्हणाले, कागद काढ. मी सांगतो तसं लिही, तुझी शाळेची भाषा घालू नको. म्हणून त्यांचे शब्द जसेच्या तसे:

“ममता, तेल मी वतं. तेल चांगलं व्हतं. आपला ट्रॅक्टर त्याच तेलवर इतला साल चाली ऱ्हायना. गाडीच नाजूक शे, हाई तू भूप्याले समजाड, मन्हं तो ऐकत नही. आते मुराळीनं. हाऊ पोऱ्या बसमा येवाले लाजस, त्याले गाडीच पाहिजे. म्हनीसन मी येसू. बाप मुराळी जात नही, माले मालूम शे. लोके हासतीन ते हासोत. मंगळवारनी सकायनी बसमा बससू. तू एकली निंघू नको. जवाईले सांग, कपडा भरी ठेवा. आठ दिन ऱ्हावानं शे. तुन्ही माय सांजोऱ्या करी ऱ्हायनी.”

लिहून झाल्यावर त्यांनी मला वाचून दाखवायला लावलं. वर एक शब्द खोडलेला दिसतोय ना, तिथे आधी ‘मास्तर’ होतं. ते तसंच म्हणाले होते. तीन वर्षं या घरात भाऊजींना नुसतं ‘तो’ म्हणायचे, त्यामुळे मास्तर म्हणजे पुष्कळच झालं असं मला वाटलं. मी वाचून पुढे गेलो तर त्यांनी हात वर करून थांबवलं.

मग म्हणाले, “मास्तर खोड. जवाई लिख.”

भूपेश